इग्निशन कॉइल (जुने ट्रॅक्टर)

इग्निशन कॉइल किंवा प्रज्वलन वेटोळे हे पेट्रोल व तत्सम इंधनांवर चालणाऱ्या इंजिनातील विद्युत् उपकरण आहे. बॅटरीचा ६ किंवा १२ व्होल्टचा कमी दाब वाढवून तो सुमारे १५,००० ते २५,००० व्होल्टपर्यंत नेणे आणि त्यायोगे ठिणगी गुडदीच्या म्हणजेच स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडणे हे त्याचे कार्य होय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तयार झालेल्या अनेक ट्रॅक्टरांत ही कॉइल बसविलेली असे. भारतात तयार झालेले शेतीचे ट्रॅक्टर मात्र प्रामुख्याने डिझेलवर चालणारे असून त्यांत इग्निशन कॉइल नसते. त्यामुळे चंद्रपूर व गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत, जेथे दुरुस्तीची सोय तालुक्याच्या गावीच मिळते, तेथे आपल्या इंजिनात कॉइल आहे की नाही हे ओळखणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी ठरते.

इतिहास

मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आयर्लंडमधील निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये प्रवर्तन वेटोळे तयार केले. प्रारंभीच्या इंजिनांत ठिणगीसाठी मॅग्नेटोचा वापर अधिक होता. मॅग्नेटो फिरत्या चुंबकाच्या साहाय्याने स्वतःच वीज निर्माण करतो, म्हणून त्याला बॅटरी लागत नाही. जर्मनीतील बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो यशस्वी केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल व संपर्क बिंदू यांवर आधारलेली पद्धत विकसित केली आणि १९१० पासून ती मोटारींत वापरात आली. ही पद्धत केटरिंग पद्धत या नावाने ओळखली जाते. विद्युत् स्टार्टर व दिवे यांसाठी ट्रॅक्टरवर बॅटरी आलीच होती. त्यामुळे पुढे ट्रॅक्टरांतही मॅग्नेटोची जागा हळूहळू कॉइलने घेतली.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० हा कॉइल असलेल्या ट्रॅक्टरांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. या मालिकेतील पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. त्यांत पेट्रोलवर चालणारे, रॉकेलसारख्या बाष्पनशील तेलावर चालणारे आणि १९५१ पासून डिझेलवर चालणारे असे प्रकार होते. तेलावर चालणारे इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर तेलावर घेतले जाई. एडमंड हिलरी यांचा गट फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊनच ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. अमेरिकेतील फोर्ड ८एन हा १९४७ ते १९५२ या काळात तयार झालेला ट्रॅक्टरही कॉइलवरच चालणारा होता.

भारतातील स्थिती

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याची शिल्लक यंत्रसामग्री भारत सरकारने घेतली. १९४७ च्या सुमारास स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने या यंत्रांच्या साहाय्याने मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी लागवडीखाली आणण्याचे काम केले. चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, हा भाग त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाड आणि नंतर मध्य प्रदेश या राज्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

त्या काळातील पट्ट्यांवर चालणाऱ्या काही मोठ्या डिझेल यंत्रांवर मुख्य इंजिन सुरू करण्यासाठी एक लहान पेट्रोल इंजिन बसविलेले असे आणि त्याची ठिणगी मॅग्नेटोवर पडे. १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला आणि साठच्या दशकात टॅफे, इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी, एस्कॉर्ट्स इत्यादी उत्पादक पुढे आले. हे ट्रॅक्टर डिझेलवर चालणारे होते. त्यामुळे देशात ट्रॅक्टरांचा खरा प्रसार झाला तो डिझेल इंजिनांबरोबर. कॉइलवर चालणारी इंजिने आज जुन्या पेट्रोल जीप, आयात केलेले जुने ट्रॅक्टर आणि संग्राहकांनी जतन केलेली यंत्रे यांत आढळतात. पेट्रोलवर चालणारी तणनाशक यंत्रे, फवारणी पंप व गवत कापणी यंत्रे यांतही कॉइल असते. पण ती चक्राला लागून बसविलेल्या चुंबकावर चालते व तिला बॅटरी नसते.

रचना

कॉइलच्या मध्यभागी मऊ लोखंडाच्या पातळ पट्ट्यांचा गाभा असतो. त्यावर तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. हे दुय्यम वेटोळे होय. त्याच्या बाहेर तुलनेने जाड तारेचे काहीशे वेढे असतात. हे प्राथमिक वेटोळे होय. दोहोंतील वेढ्यांचे प्रमाण साधारणपणे १ : ६० ते १ : १०० असते. हे सर्व धातूच्या डब्यात बसवून उष्णता वाहून नेण्यासाठी व विद्युत् निरोधनासाठी त्यात तेल किंवा डांबरासारखा पदार्थ भरलेला असतो. झाकणावर दोन लहान टर्मिनल व मध्यभागी उच्च दाबाच्या जाड केबलसाठी एक खोबण असते.

कार्य

किल्ली फिरवली असता बॅटरीतील प्रवाह प्राथमिक वेटोळ्यातून आणि वितरकातील मिटलेल्या संपर्क बिंदूंमधून इंजिनाच्या सांगाड्यात, म्हणजे अर्थमध्ये जातो. गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. वितरकाचा कॅम फिरून संपर्क बिंदू उघडतो त्या क्षणी प्रवाह तुटतो आणि क्षेत्र कोसळते. या जलद बदलामुळे प्राथमिक वेटोळ्यात सुमारे २०० ते ३०० व्होल्ट आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. ठिणगी पडते ती बिंदू मिटताना नव्हे, तर उघडताना, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

बिंदूंना समांतर जोडलेला कंडेन्सर दुहेरी काम करतो. बिंदूंवर ठिणगी पडू न देता तो त्यांचे आयुष्य वाढवतो आणि प्रवाह झटक्यात तुटू देऊन दुय्यम दाब वाढवतो. त्याची धारिता साधारणपणे ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असते. कंडेन्सर निकामी झाला तर कॉइल उत्तम असूनही ठिणगी क्षीण पडते.

चार सिलिंडरच्या चतुर्घाती इंजिनात दर फेऱ्यास दोन ठिणग्या लागतात. म्हणजे मिनिटाला १,५०० फेरे होत असताना कॉइलला मिनिटाला ३,०००, अर्थात सेकंदाला ५० ठिणग्या द्याव्या लागतात.

जोडणीपूर्वी पाहावयाच्या बाबी

बॅटरीचा दाब. जुन्या ट्रॅक्टरांत ६ व १२ व्होल्ट अशा दोन्ही पद्धती आढळतात. १२ व्होल्टच्या साध्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध सुमारे ३ ओहम व ६ व्होल्टच्या कॉइलचा सुमारे १.५ ओहम असतो. दोन्हींत बिंदू मिटलेले असताना सुमारे ४ अँपिअर प्रवाह वाहतो. ६ व्होल्टची कॉइल १२ व्होल्टवर थेट जोडल्यास हा प्रवाह ८ अँपिअर होतो. त्यामुळे संपर्क बिंदू जळतात व कॉइल तापून निकामी होते.

बॅलास्ट रोधक. काही १२ व्होल्ट प्रणालींत १.५ ओहमची कॉइल वापरून तिच्या मार्गात तेवढ्याच रोधाचा बाह्य रोधक जोडलेला असतो. एकूण रोध ३ ओहम झाल्याने प्रवाह पुन्हा ४ अँपिअर होतो. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचा दाब ९ ते १० व्होल्टपर्यंत उतरतो. त्या वेळी रोधक वगळून कॉइलला थेट वीज देण्याची सोय केलेली असते व त्यामुळे इंजिन सहज सुरू होते. कॉइल बदलताना 'बाह्य रोधकासह वापरा' अशी सूचना तिच्यावर आहे काय, हे पाहिले पाहिजे.

अर्थची बाजू. आजच्या वाहनांत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. फर्ग्युसन टीई-२०, फोर्ड ८एन आणि त्या काळातील इतर अनेक ट्रॅक्टरांत मात्र धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. बॅटरी बदलताना आजच्या सवयीने ती उलटी बसवली जाण्याचा संभव असतो. तसे झाल्यास अ‍ॅमीटर उलटा दाखवतो व डायनामोचे ध्रुवीकरण पुन्हा करावे लागते.

कॉइलची ध्रुवता. ठिणगी गुडदीचे मधले टोक अधिक तापलेले असते आणि तापलेल्या टोकापासून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून हे टोक ऋण राहील अशी जोडणी योग्य होय. कॉइल उलटी जोडली तरी इंजिन चालते, पण ठिणगीसाठी अधिक दाब लागतो. परिणामी थंडीत सुरू होण्यास त्रास आणि भाराखाली इंजिन अडखळणे असे दोष दिसतात व त्यांचे कारण सहसा लक्षात येत नाही.

जोडणीची पद्धत

१. बॅटरीची अर्थकडील केबल प्रथम सोडावी व काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी. यामुळे पाना सांगाड्याला लागून ठिणगी उडण्याचा धोका राहत नाही.

२. जुन्या तारांना सोडण्यापूर्वी चिठ्ठ्या लावाव्यात किंवा कागदावर आकृती काढून ठेवावी.

३. कॉइलचा पट्टा इंजिनावर घट्ट बसवावा. कॉइल धुराड्याच्या नळीपासून दूर असावी.

४. बॅटरीकडून अ‍ॅमीटर, तेथून किल्लीचा स्विच, तेथून बॅलास्ट रोधक असल्यास तो आणि मग कॉइलचे आवक टर्मिनल असा मार्ग ठेवावा.

५. कॉइलच्या जावक टर्मिनलपासून वितरकाच्या बाजूच्या निरोधित टर्मिनलपर्यंत तार न्यावी. याच टर्मिनलला आतून संपर्क बिंदू व कंडेन्सर जोडलेले असतात.

६. ऋण अर्थ असलेल्या ट्रॅक्टरात कॉइलचे धन चिन्ह स्विचकडे व ऋण चिन्ह वितरकाकडे येते. धन अर्थ असलेल्या ट्रॅक्टरात याच्या नेमके उलट, म्हणजे ऋण चिन्ह स्विचकडे व धन चिन्ह वितरकाकडे येते. जुन्या लुकास कॉइलवर धन-ऋण चिन्हांऐवजी स्विचसाठी 'एसडब्ल्यू' व संपर्क बिंदूंसाठी 'सीबी' अशी अक्षरे असतात. धन अर्थाच्या काळातील अशी कॉइल ऋण अर्थ केलेल्या ट्रॅक्टरावर बसविल्यास या दोन तारांची अदलाबदल करावी लागते.

७. कॉइलच्या मधल्या खोबणीतून उच्च दाबाची केबल वितरकाच्या टोपीच्या मधल्या खोबणीत बसवावी.

८. गुडद्यांच्या केबली प्रज्वलन क्रमाने लावाव्यात. फर्ग्युसन टीई-२० चा क्रम १-३-४-२ व फोर्ड ८एनचा १-२-४-३ आहे. टोपीवरील क्रम रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने मोजावा.

९. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थपट्टी घासून स्वच्छ करावी. गंज, रंग व वंगण यांमुळे अर्थ कच्चा राहतो आणि नव्या कॉइललाही दोष दिला जातो.

फोर्ड ८एनच्या १९५० पूर्वीच्या प्रकारात वितरक इंजिनाच्या समोर असून चौकोनी कॉइल थेट त्यावरच बसते. नंतरच्या प्रकारात वितरक बाजूला आला व कॉइल वेगळी, गोल झाली. या दोन कॉइल एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

तपासणी

जोडणी झाल्यावर वितरकाच्या टर्मिनलला एक लहान चाचणी दिव्याची तार व दुसरी तार अर्थला लावावी. गुडद्या काढून किल्ली चालू करावी व हँडलने इंजिन हळूहळू फिरवावे. बिंदू उघडले असता दिवा लागतो व मिटले असता विझतो. दिवा सतत लागून राहिल्यास बिंदू मिटत नाहीत, किंवा ते काजळलेले आहेत. दिवा मुळीच न लागल्यास स्विचपासून कॉइलपर्यंतचा मार्ग तुटलेला आहे, किंवा वितरकातील तार सांगाड्याला लागली आहे, असे समजावे.

मल्टिमीटर उपलब्ध असल्यास तारा सोडून कॉइलच्या दोन लहान टर्मिनलांतील रोध मोजावा. तो वर दिलेल्या मर्यादेत असावा. मधली खोबण व लहान टर्मिनल यांमधील दुय्यम रोध साधारणपणे ६,००० ते १२,००० ओहम असतो. तथापि थंड कॉइलचे मोजमाप बरोबर आले म्हणून ती निर्दोष ठरत नाही. काही कॉइल तापल्यावरच दगा देतात.

सामान्य दोष

इंजिन थंड असताना सुरू होते, पण अर्ध्या तासाने बंद पडते व निवल्यावर पुन्हा सुरू होते: कॉइलच्या आतील निरोधन किंवा कंडेन्सर उष्णतेने कमकुवत होत असण्याची शक्यता असते. इंधनाच्या नळीतील अडथळ्यानेही असेच लक्षण दिसते. म्हणून बंद पडल्याबरोबर ठिणगी तपासावी.

स्टार्टर फिरत असेपर्यंत इंजिन चालते व किल्ली सोडताच बंद पडते: बॅलास्ट रोधक तुटलेला असतो.

संपर्क बिंदू वारंवार जळतात: कंडेन्सर सदोष असतो, किंवा कॉइल बॅटरीच्या दाबाला साजेशी नसते.

पावसाळ्यात सकाळी इंजिन सुरू होत नाही: वितरकाच्या टोपीत ओल धरलेली असते किंवा टोपीला बारीक चीर पडून वीज तेथून गळते. टोपी आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसावी. चीर असल्यास टोपी बदलावी.

डिझेल ट्रॅक्टर आणि कॉइलविषयीचा गैरसमज

डिझेल इंजिनात हवा १६ ते २२ पट दाबली जाते. त्यामुळे ती इतकी तापते की, तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. ठिणगीची गरजच नसल्याने कॉइल, वितरक व ठिणगी गुडदी हे भाग डिझेल ट्रॅक्टरात नसतात. असे असले तरी किल्लीच्या स्विचला सर्रास 'इग्निशन स्विच' म्हटले जाते आणि त्यातून गैरसमज निर्माण होतो. डिझेल ट्रॅक्टरात हा स्विच स्टार्टर, दिवे, निर्देशक व काही इंजिनांत हवा तापविणारा हीटर यांना वीज देतो. जुने डिझेल ट्रॅक्टर किल्लीने बंदही होत नाहीत. इंधन बंद करणारी दांडी ओढावी लागते.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग व गडचिरोली जिल्हा मिळून झाडीपट्टीचा मोठा प्रदेश होतो आणि तेथील मुख्य पीक धान आहे. बांधीत पाणी साचले की चिखलणी व रोवणी थोड्याच दिवसांत उरकावी लागते. परे वाढत जातात आणि पाणी कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी बंद पडलेल्या डिझेल ट्रॅक्टरासाठी 'कॉइल' शोधत तालुक्याच्या गावी जाणे म्हणजे हंगामातील मोलाचा दिवस गमावणे होय. भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो.

डिझेल ट्रॅक्टर सुरू होत नसल्यास पुढील क्रमाने पाहणी करणे योग्य ठरते. स्टार्टर जोमाने फिरत नसेल, तर बॅटरीची टोके, अर्थपट्टी व सोलेनॉइड तपासावे. चिखलणीनंतर या जोडांवर गाळ व ओल राहते आणि गंज चढतो. स्टार्टर जोमाने फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर दोष बहुधा इंधनात असतो. टाकीत डिझेल आहे काय, फिल्टर तुंबला आहे काय, बंद करण्याची दांडी ओढलेली राहिली आहे काय आणि इंधनमार्गात हवा शिरली आहे काय, हे क्रमाने पाहावे. हवा काढण्यासाठी फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे.

सुरक्षितता

कॉइलच्या दुय्यम बाजूचा दाब झटका देण्यास पुरेसा असतो. त्या झटक्यापेक्षाही, दचकून हात फिरत्या पंख्यात किंवा पट्ट्यात जाण्याचा धोका अधिक असतो. इंजिन चालू असताना उच्च दाबाच्या केबलला हात लावू नये. हृदयाला पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने अशा इंजिनापासून दूर राहावे. ठिणगीची चाचणी घेताना जवळ पेट्रोलचे भांडे, गळकी नळी किंवा गुडदी काढलेले उघडे छिद्र नसावे.

इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नये. संपर्क बिंदू मिटलेले असल्यास कॉइलमधून अखंड प्रवाह वाहत राहतो, ती तापते व क्वचित फुटून तिच्यातील तेल बाहेर येते. हँडलने इंजिन फिरवताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा. ठिणगी वेळेआधी पडल्यास हँडल उलट फिरून मनगटास इजा होते. ट्रॅक्टर गिअरमधून काढून ब्रेक लावल्याखेरीज कोणतीही चाचणी घेऊ नये.

शिक्षण व जतन

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'मेकॅनिक (ट्रॅक्टर)' हा व्यवसाय अभ्यासक्रम शिकवला जातो. मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ मध्ये सुरू झालेले ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र पुढे केंद्रीय कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था म्हणून विकसित झाले. नव्या पेट्रोल वाहनांत संपर्क बिंदूंची जागा इलेक्ट्रॉनिक स्विचने घेतली असून अनेक इंजिनांत प्रत्येक गुडदीवर स्वतंत्र कॉइल असते. मात्र क्षेत्र उभारणे व ते झटक्यात मोडणे हे तत्त्व केटरिंग यांच्या काळातलेच आहे. म्हणून जुन्या ट्रॅक्टराची कॉइल, बिंदू व कंडेन्सर ही त्रयी विद्यार्थ्याला प्रवर्तनाचा नियम डोळ्यांनी दाखविणारे सोपे साधन आहे.